रेड हाउस बघायला जाताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लंडनला कुणी यायचं ठरलं की मेसेज सुरू होतात, त्यात आर्किटेक्चर किंवा इंटिरिअर शिकणारं कुणी असेल तर हमखास विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डिझायनरच्या घराबद्दल, म्हणजे रेड हाउसबद्दल. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून टाकतोय. तिकिटाचे दर आणि उघडण्याचे दिवस मुद्दाम दिले नाहीत, ते सीझनप्रमाणे बदलतात, हे घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या साइटवर बघूनच निघा.

हे घर नक्की आहे कुठे आणि कुणाचं?

लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथ नावाचं उपनगर आहे, तिथे. विल्यम मॉरिसने लग्नानंतर राहायला हे घर बांधून घेतलं, १८५९ ला काम सुरू झालं आणि १८६० मध्ये तो आणि त्याची बायको जेन इथे राहायला आले. आर्किटेक्ट फिलिप वेब, मॉरिसचा मित्र. मॉरिस तेव्हा पंचविशीत होता आणि वेब अठ्ठावीसचा, स्वतंत्रपणे हातात घेतलेलं त्याचं हे पहिलंच घर. हे वय लक्षात ठेवून आत जा, कारण घर बघताना सतत जाणवतं की हा पिकल्या वयातल्या मोठ्या कलाकाराचा बंगला नाही, मित्रांच्या टोळक्याने हौसेने केलेला उद्योग आहे.

पैसा कुठून आला असंही लोक विचारतात. मॉरिसच्या वडिलांनी डेव्हनमधल्या एका तांब्याच्या खाणीचे शेअर्स घेतले होते, त्यांनी उदंड पैसा दिला, त्यातून हे सुमारे ४००० पौंडांचं घर उभं राहिलं. पुढे हाच माणूस समाजवादाची भाषणं देत फिरला, पण ते नंतरचं.

आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणजे काय, थोडक्यात?

कारखान्यातून निघणाऱ्या स्वस्त, भपकेबाज, नकली दिसणाऱ्या वस्तूंचा कंटाळा आलेल्या लोकांनी सुरू केलेली चळवळ. वस्तू हाताने बनवा, जे मटेरियल आहे ते तसंच दिसू द्या, लाकूड असेल तर संगमरवर असल्यासारखं रंगवू नका, आणि बनवणाऱ्या माणसाला कामात आनंद मिळाला पाहिजे, अशी साधारण विचारसरणी. गंमत म्हणजे हे नाव रूढ झालं १८८७-८८ च्या आसपास, म्हणजे घर बांधून पंचवीसेक वर्षं होऊन गेल्यावर. तरी चळवळीची सुरुवात सांगताना लोक याच घरापासून सांगतात, आणि ते मला पटतं. १८५९ मध्ये पैसेवाला माणूस घर बांधायचा तर पांढरा गिलावा, खांब, सगळं सममितीत. इथे उघड्या लाल विटा, लाल कौलं, आणि प्लॅन एल आकाराचा, खिडक्या आतल्या खोलीला जिथे हव्यात तिथे, काही लांबुळक्या काही चक्क गोल, बाहेरून जोड जमतेय का याची फिकीर नाही.

आत फर्निचर, पडदे, वॉलपेपर सगळं मॉरिसचंच आहे का?

नाही, आणि हे नीट समजून गेलात तर निराश होणार नाही. मॉरिस इथे फक्त १८६५ पर्यंत राहिला. घर सोडताना भिंतीवरची चित्रं आणि वेबने केलेलं अवजड लाकडी फर्निचर, जे हलवणं शक्य नव्हतं, ते राहिलं, बाकी त्याच्याबरोबर गेलं. नंतर घरात बरीच कुटुंबं येऊन गेली, प्रत्येकाने आपापल्या आवडीने रंग मारले, कागद चिकटवले. आज दिसणारे मॉरिसचे वॉलपेपर नंतरच्या रहिवाशांनी लावलेत, तो स्वतः इथे राहत होता तेव्हा भिंतींवर रंगकाम आणि भरतकामाचे पडदे होते.

इथली एक एक वस्तू आता जगभर पांगली आहे. मॉरिसचा चित्रकार मित्र बर्न-जोन्स, त्याने लग्नाची भेट म्हणून रंगवलेलं कपाट ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहे. ड्रॉइंग रूममधल्या कपाटवजा बाकाच्या दारांवर रोझेटी या दुसऱ्या चित्रकार मित्राने काढलेली इटालियन कवी दान्ते आणि त्याची प्रेयसी बिआट्रिस यांची चित्रं थेट कॅनडात, ओटावाच्या नॅशनल गॅलरीत. जेनने निळ्या लोकरी कापडावर डेझीची फुलं भरली होती ते पडदे केल्म्सकॉट मॅनरला, मॉरिसच्या नंतरच्या घरात. म्हणजे रेड हाउस बघणं म्हणजे अर्धं समोर बघणं आणि अर्धं मनात जुळवणं. भरगच्च सजवलेलं घर हवं असेल तर खाली दुसरी नावं दिलीत, तिकडे जा, मी अजिबात राग मानणार नाही.

मग बघायचं काय?

भिंती आणि छत. खरंच. लोक खोलीत शिरले की टेबल-खुर्च्यांकडे बघतात आणि दोन मिनिटात बाहेर पडतात, आणि मग म्हणतात काही विशेष नाही.

जिन्यात उभं राहून वर बघा. छतावर रंगीत नक्षी आहे, साधीच, ठरावीक आकार पुन्हा पुन्हा. पण नजर स्थिर केलीत तर दिसेल की नक्षीच्या रेषांवर बारीक बारीक टोचे आहेत, प्लास्टर ओलं असतानाच टोचून आराखडा उतरवून घेतलाय, म्हणजे पुढेमागे रंग उडाला तरी कुणीही त्या टोच्यांवरून तीच नक्षी पुन्हा रंगवू शकेल. मला तर हे चित्रांपेक्षाही आवडतं, कारण यात काम कसं केलं ते डोळ्याला दिसतं. छताच्या नक्षीत कुणीतरी खोडसाळपणे एक हसरा चेहराही काढून ठेवलाय, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना शोधायला लावा.

वरच्या ड्रॉइंग रूममध्ये भलंमोठं लाकडी बाक आहे, मॉरिसच्या लंडनमधल्या भाड्याच्या खोलीतून आणलेलं, वेबने त्याच्या डोक्यावर छोटी गॅलरी बांधली, वाजवणारे बसतील अशी. वर चढायला शिडी. या गॅलरीतून मित्रांनी सफरचंदं फेकून मारामारी केल्याचा आणि त्यात मॉरिसचा डोळा सुजल्याचा किस्सा त्याच्या चरित्रात आहे. त्याच खोलीत बाकाच्या दोन्ही बाजूंना बर्न-जोन्सची भित्तिचित्रं, सर डेग्रेव्हंट नावाच्या मध्ययुगीन कथेतल्या लग्नाचे प्रसंग. मेजवानीच्या चित्रात राजा-राणी म्हणून जे बसलेत ते मॉरिस आणि जेन. रंग फिके झालेत, पहिल्या नजरेत मळकट वाटतं, पण दोनेक मिनिटं उभे राहिलात तर चेहरे पुढे यायला लागतात.

खाली हॉलमधलं कपाट चुकवू नका, दारावरचं चित्र स्वतः मॉरिसने काढायला घेतलेलं आणि अर्धवट सोडलेलं. जेवणाच्या खोलीत वेबचं लाल रंगाचं उंच ड्रेसर. बागेकडे जाणाऱ्या बोळातल्या काचा बघा, त्यात बर्न-जोन्सच्या प्रेम आणि नियती अशा दोन उभ्या आकृत्या आहेत, आणि आजूबाजूला चौकोनी काचांवर चिमुकले पक्षी.

कपाटामागे चित्र सापडलं होतं ते हेच घर ना?

हो, हेच. मुख्य बेडरूममध्ये एक भिंतीतलं कपाट होतं, त्याच्यामागे आणि रंग-कागदाच्या थरांखाली काहीतरी आहे एवढंच माहीत होतं. नॅशनल ट्रस्टने थर काळजीपूर्वक काढले आणि २०१३ मध्ये जाहीर केलं की भिंतभर चित्र आहे, बायबलमधली माणसं, आदम आणि ईव्ह, हातात छोटी नाव धरलेला नोहा, रेचल, आणि शिडीसकट याकोब. आणि हे सगळं भिंतीवर कापड टांगलंय असं भासावं म्हणून चुण्यांसकट रंगवलेलं! म्हणजे पडदा परवडत नव्हता किंवा भरायला वेळ नव्हता म्हणून पडद्याचं चित्र, असं आपलं माझं मत. तज्ज्ञांचं म्हणणं की यात एकट्या मॉरिसचा हात नाही, बर्न-जोन्स, रोझेटी, एलिझाबेथ सिडल, फोर्ड मॅडॉक्स ब्राउन, एकेकाने एकेक आकृती काढली असावी. वीकेंडला पाहुणे यायचे आणि त्यांच्या हातात ब्रश दिला जायचा.

नोहासमोर जरा रेंगाळा. खोलीत जे व्हॉलंटियर बसलेले असतात त्यांना विचारा की अजून कुठे काय दडलंय, ते उत्साहाने सांगतात, बहुतेक जण रिटायर्ड शिक्षक वगैरे टाइपचे, तुम्ही एक प्रश्न विचारा ते दहा मिनिटं बोलतात.

मॉरिस इतक्या लवकर घर सोडून का गेला?

एक कारण नाही. घरातूनच एक धंदा सुरू झाला होता, १८६१ मध्ये मित्रांनी मिळून मॉरिस, मार्शल, फॉकनर आणि कंपनी काढली, काचा, फर्निचर, भरतकाम, नंतर वॉलपेपर. ऑफिस लंडनमध्ये, रोज जायचं यायचं, तेही घोडागाडी आणि रेल्वे करत. १८६४ मध्ये ठरलं होतं की बर्न-जोन्स कुटुंबाने पण इथेच राहायला यायचं, वेबने त्यांच्यासाठी नवीन भागाचे नकाशे पण काढले. मग बर्न-जोन्सच्या बायकोला, जॉर्जियानाला, स्कार्लेट फीव्हर झाला, तान्हं मूल गेलं, बेत मोडला. मॉरिसही त्याच सुमाराला संधिवाताच्या तापाने आजारी. खाणीचे पैसेही आटत चाललेले. शिवाय महत्त्वाच्या खोल्यांचं तोंड उत्तरेकडे, घर थंडगार. १८६५ ला घर सोडून ते लंडनमध्ये ऑफिसच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले, आणि मॉरिसने परत कधी या घरात पाऊल ठेवलं नाही म्हणतात, बघवलं नसतं म्हणून.

नंतर घर टिकलं कसं? पाडलं नाही कुणी?

नशीब, आणि एकेका माणसाची हौस. १८८९ पासून चार्ल्स होम नावाचा व्यापारी इथे राहत होता, त्यानेच पुढे द स्टुडिओ हे कलेचं नावाजलेलं मासिक काढलं. दुसऱ्या महायुद्धात इथे सरकारी ऑफिस होतं. १९५२ मध्ये टेड हॉलम्बी या आर्किटेक्टने आणि त्याच्या बायकोने एका मित्र-जोडप्याबरोबर भागीदारीत घर घेतलं, आणि डागडुजी करत करत आयुष्यभर तिथेच राहिले. नोकरी लंडनच्या कौन्सिलची हाउसिंग बांधायची आणि राहायला हे. २००३ ला घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. माझं मत विचाराल तर मॉरिसइतकंच श्रेय हॉलम्बींना द्यायला पाहिजे, असं घर सांभाळत त्यात रोजचा स्वयंपाक करणं सोपं नाही.

महाराष्ट्राशी काही संबंध आहे का, की उगाच?

घराचा थेट नाही, माणसांचा आहे. बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना मॅकडोनल्ड, तिची सख्खी बहीण अ‍ॅलिस. अ‍ॅलिसचा नवरा जॉन लॉकवुड किपलिंग, जो १८६५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर शेतकरी-बाजाराची जी कोरीव शिल्पं आहेत ती त्याची. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत त्यांना मुलगा झाला, तोच जंगल बुकवाला रुडयार्ड. म्हणजे ज्या वर्षी मॉरिसने रेड हाउस सोडलं त्याच वर्षी इथे भिंती रंगवणाऱ्या बर्न-जोन्सचा भाचा आपल्याकडे जन्मला. लहानपणी रुडयार्ड नाताळला या मावशीकडेच जायचा, अर्थात तेव्हा ती लंडनमध्ये फुलहॅमला राहत होती.

दुसरा धागा जॉर्ज बर्डवूड, ब्रिटिश डॉक्टर. हा जन्मला बेळगावात, १८३२ ला, आणि मुंबईतलं आजचं भाऊ दाजी लाड म्युझियम उभं करण्यात भाऊ दाजींबरोबर त्याचाही मोठा हात. भारतातल्या हस्तकला कारखान्यांच्या मालापायी मरतायत हे तो इंग्लंडमध्ये सतत सांगायचा, आणि १८७९ मध्ये मॉरिस, बर्न-जोन्स वगैरे मंडळींनी सह्या करून त्याला पाठिंब्याचं पत्र दिलं होतं. जे. जे. ला शिकणाऱ्यांनी तरी हे दोन धागे डोक्यात ठेवून जावं.

जायचं कसं?

लंडनहून बेक्सलीहीथ स्टेशनला सरळ ट्रेन आहेत, लंडन ब्रिज किंवा व्हिक्टोरियाहून पकडा, पाऊण तासाच्या आत पोचता. लंडनच्या भाड्याच्या हिशेबात झोन ५, कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं, साध्या वस्तीतून, मध्येच एक उंच विटांची भिंत लागते, तेच घर. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं रस्ता चुकला की काय. चुकलेला नसतो. मॉरिसच्या वेळी इथे केंटमधली सफरचंदाची बाग होती, झाडं कमीत कमी तोडावी लागतील अशा बेताने घर बसवलं, इतकं जवळ की उघड्या खिडकीतून सफरचंदं आत पडायची. आता चहूकडे घरंच घरं.

हौस असेल तर एलिझाबेथ लाइनने अ‍ॅबी वुडला उतरा आणि तिथून बस घ्या. मॉरिसचे पाहुणे त्याच स्टेशनला उतरायचे आणि त्याची घोडागाडी त्यांना न्यायला यायची.

गाडीने जाणार असाल तर घरापाशी पार्किंग नाही, डॅन्सन पार्कला लावून चालत यावं लागतं.

आई-बाबा बरोबर आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, जमेल का?

तळमजला आणि बाग जमेल. वर जायला लाकडी जिनाच आहे, लिफ्ट नाही, आणि चांगली चित्रं वरच आहेत हा त्रास. सावकाश चढले तर जमतं, पायऱ्या बुटक्या आहेत. आधी फोन करून विचारून ठेवा. बागेत बसायला जागा आहे, आणि तिथे टोपीसारखं टोकदार छप्पर असलेली ती प्रसिद्ध विहीर, घराच्या प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरवर असते ती. बागेकडच्या व्हरांड्याला मॉरिसने यात्रेकरूंचा विसावा असं नाव दिलं होतं, कारण कँटरबरीच्या यात्रेचा जुना रस्ता इथून जवळून जायचा. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर घर बांधून ओटीला असं नाव देण्यातला प्रकार. वडीलधारी मंडळींना हे सांगितलं की घर एकदम आवडायला लागतं असा अनुभव आहे.

फोटो काढता येतात का? पिशव्या, पेन, छत्री?

फ्लॅश न मारता, ट्रायपॉड न लावता साधारणपणे चालतं, तरी दारात विचारा. मोठी सॅक बाहेर ठेवायला सांगतात किंवा पोटावर घ्यायला सांगतात, रागावू नका, खोल्या लहान आहेत आणि वळताना सॅकची बकल भिंतीला घासली की १६० वर्षांचा रंग गेला. स्केच करायचं असेल तर पेन्सिल, शाईचं पेन अजिबात काढू नका. अणकुचीदार टाचा घालून जाऊ नका.

खुर्चीवर पाइनचं बोंड किंवा काटेरी सुकं फूल ठेवलेलं दिसलं तर ती सजावट नाही, बसू नका असं सांगायची नॅशनल ट्रस्टच्या घरांमधली पद्धत आहे. पाटी लावण्यापेक्षा बरं.

आत इतका अंधार का ठेवतात? नीट दिसत पण नाही.

प्रकाशाने रंग आणि कापड उडतं, आणि उडालेलं परत येत नाही. त्यामुळे असल्या जुन्या घरांमधून पडदे, ब्लाइंड अर्धे ओढलेले असतात, खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म असते, नाजूक कापडावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपासच उजेड पडू देतात, आपल्या घरातल्या संध्याकाळच्या दिव्यापेक्षाही कमी. ओलाव्याचंही तसंच, हवा फार कोरडी झाली तर लाकूड तडकतं आणि दमट झाली तर बुरशी, म्हणून हीटिंग माणसांच्या नाही तर वस्तूंच्या सोयीने चालतं. थंडीत स्वेटर घालून जा. डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, मोबाइलचा टॉर्च मारू नका प्लीज.

मॉरिसच्या वॉलपेपरमध्ये विष होतं म्हणतात, खरं का?

जुन्यात होतं. त्या काळच्या हिरव्या रंगात आर्सेनिक सर्रास वापरायचे, आणि मॉरिसच्या ट्रेलिस या डिझाइनच्या जुन्या तुकड्यात ते सापडल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. ट्रेलिस म्हणजे तेच, जाळीवर गुलाब आणि पक्षी, रेड हाउसच्या बागेतल्या जाळ्यांवरून सुचलेलं, त्यातले पक्षी वेबने काढले. यात बोचणारी गोष्ट ही की ज्या खाणीच्या शेअर्सवर घर उभं राहिलं तीच खाण पुढे आर्सेनिक काढायला लागली होती आणि मॉरिस तिच्या संचालक मंडळावर होता. म्हणून भक्तिभावाने नुसता साधा, निसर्गप्रेमी, कारागिरांचा कैवारी मॉरिस सांगितला जातो तेव्हा मला जरा खटकतं. आजचे वॉलपेपर अर्थातच वेगळ्या रंगांत छापतात, विकत घेऊन लावायला हरकत नाही, खिशाला परवडत असेल तर.

किती वेळ लागेल, आणि खायला?

दीड-दोन तास पुरतात, बाग धरून. आत छोटं टी-रूम आहे, चहा-केक. पोटभर जेवायचं तर बेक्सलीहीथच्या ब्रॉडवेवर जा, दहा-पंधरा मिनिटं.

एकच घर बघायला वेळ आहे, हेच बघू का दुसरं?

तुम्हाला काय हवंय त्यावर. मॉरिसची सुरुवात बघायची असेल, अर्धवट गोष्टी आवडत असतील, तर हेच. सगळं लावलेलं, चादरीपासून दिव्यांपर्यंत जागच्या जागी असं घर हवं असेल तर ससेक्समधलं स्टँडन, तेही वेबचंच, १८९० च्या दशकातलं, तोवर वेब मुरला होता, आणि घराला पहिल्यापासून वीज होती त्यामुळे तिथले दिवे खास बघण्यासारखे. वुल्व्हरहॅम्प्टनजवळ राहणाऱ्यांनी विटिक मॅनरला जावं, रंग-व्हार्निशच्या कारखानदाराचं घर, मॉरिसचे कापड आणि कागद खच्चून भरलेत, डोळे दमतात इतके. लेक डिस्ट्रिक्टला ट्रिप असेलच तर ब्लॅकवेल, बेली स्कॉट या आर्किटेक्टचं, तिथे शेकोटीशेजारच्या आणि खिडकीतल्या बाकांवर चक्क बसू देतात, पाइनची बोंडं नाहीत.

आणि लंडनमध्येच थांबायचं असेल, पैसे पण वाचवायचे असतील, तर वॉल्थमस्टोला विल्यम मॉरिस गॅलरी, किशोरवयात तो त्या घरात राहायचा, प्रवेश फुकट. सोमवारी बहुतेक बंद असते, तेवढं बघून जा.